मायकेल फॅरडे आणि आत्मविश्वास

चार लोकांसमोर बोलावयास उभें राहिलें कीं आपली छाती धडधडूं लागते आणि आपल्या अंगीं आत्मविश्वास नाहीं असें आपण म्हणतों. हा गुण कांहीं भाग्यवंतांस जन्मतःच लाभतो अशी पुष्कळांची समजूत असते. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाचें चरित्र वाचिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. लिहिणें, वाचणें व थोडेंसें अंकगणित एवढ्यावरच त्याचें शाळेंतील शिक्षण आटोपलें. पुढें तो पुस्तकें बांधणाऱ्या एका दुकानदाराकडे सात वर्षें उमेदवार होता. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाची. परंतु वाचलेल्या गोष्टीवर तेवढ्यानेंच विसंबून न राहतां, तुटपुंज्या पैशांत मिळेल तें साहित्य आणून तो ती स्वतः करून पाही. आपल्या हातांनीं पडताळलेल्या गोष्टीविषयीं मनांत संशय राहत नाहीं. फॅरडेच्या आत्मविश्वासाचा पाया असा घातला गेला.

१८१२ सालीं एका गिऱ्हाइकाच्या कृपेनें त्यास सर हंफ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. त्यानें त्यांचीं टिपणें काढलीं, आकृत्या रेखाटल्या आणि सुमारें ३०० पानांचें तें पुस्तक स्वतः बांधून डेव्हींकडे पाठविलें. तत्पूर्वीं रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस त्यानें नोकरीसाठीं पत्र लिहिलें होतें. त्यास उत्तरही आलें नव्हतें. डेव्हींनींही प्रथम पुस्तकबांधणीच न सोडण्याचा सल्ला दिला. परंतु लवकरच जागा रिकामी झाली आणि मार्च १८१३ मध्यें तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत मदतनीस झाला. त्याच वर्षीं डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासास गेला असतां त्यास नोकराचींही कामें करावीं लागलीं. मानहानि त्याच्या मनास लागली. तथापि शिकण्याची संधि त्यानें दवडली नाहीं.

उत्तम वक्ता म्हणून तो पुढें गाजला, पण ती कलाही त्यानें कष्टानेंच साधिली. वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे तो धडे घेई व आपले दोष दाखवून घेई. मुलांसाठीं नाताळच्या सुटींत त्यानें १९ वेळां व्याख्यानमाला दिल्या.

उच्च गणित त्यास येत नव्हतें. ही उणीव जाणूनच त्यानें प्रयोगाचा मार्ग धरिला. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं लोखंडाच्या कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून, एका वेटोळ्यांतील प्रवाह सुरू करितांना व थांबवितांना दुसऱ्यांत क्षणभर प्रवाह उत्पन्न होतो, असें त्यानें पाहिलें. आज घरोघरीं येणारी बहुतेक वीज ज्या यंत्रांनीं निर्माण होते, त्यांच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. त्याच्या कल्पनांस गणिताचें रूप पुढें मॅक्सवेल यांनीं दिलें.

गुरुत्वाकर्षण व वीज यांचा संबंध शोधण्याचे त्याचे प्रयोग मात्र फसले, आणि तें अपयशही त्यानें १८५१ सालीं जसेंच्या तसें प्रसिद्ध केलें. खऱ्या आत्मविश्वासास आपली चूक झांकावी लागत नाहीं, गर्वास लागते. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद देऊं केलें असतां त्यानें तें नम्रपणें नाकारिलें. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो मरण पावला.

मुलांनो, उद्यां गणिताचें उदाहरण अडलें तर शेजाऱ्याच्या वहींत डोकावूं नका. तें पुन्हां एकदां स्वतः सोडवून पाहा. धडा पाठ झाला असें वाटलें तर पुस्तक मिटून तो घरच्यांस समजावून सांगा. पालकांसही एक विनंति आहे. मुलाच्या हातून कांहीं बिघडलें तर तें काम त्याच्या हातून काढून घेऊं नये. तेंच त्यास पुन्हां करूं द्यावें. धीर उसना मिळत नाहीं. केलेल्या कामांतूनच तो हळूहळू सांठत जातो.