मातीच्या बोळक्यातला चहा

एका जूनमध्ये लोणच्याचा मसाला घ्यायला वाशीच्या एपीएमसी मार्केटला गेले होते. दुपारची वेळ. मिरचीच्या पोत्यांना टेकून चार-पाच माथाडी भाऊ एकाच मोबाइलमध्ये डोकी खुपसून बसलेले. इंग्लंडमध्ये आपली टेस्ट मॅच चालू होती. मला आठवले ते बाळू पालवणकर. मैत्रिणींनो, इंग्लंडच्या प्रेक्षकांसमोर आपल्या माणसाने विकेट्सचा ढीग लावला, तो थेट 1911 मध्ये!

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा, चांभार समाजातला. घराणं मूळ कोकणातलं, वडील पुण्याला लष्करात नोकरीला. पोरगा पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये झाले. तिथे साहेबांना सराव हवा म्हणून तासन् तास डाव्या हाताने फिरकी टाकायची. बॅट मात्र हाती मिळायची नाही. ग्रेग नावाचा साहेब आउट झाला की बाळूंना आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. बाळूंचा हात त्यातच तयार झाला.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर बरीच खळखळ झाली. शेवटी घेतलं. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावायचे, पण चहाच्या सुट्टीत इतरांना कपबशी आणि बाळूंना बाहेर, मातीच्या बोळक्यात. जेवणाचं पानही वेगळं. आपल्यापैकी किती जणींनी आजीच्या घरी मागच्या दाराशी ठेवलेला तो वेगळा कप पाहिलाय? मी पाहिलाय, आणि तो विसळताना कधी काही वाटलं नाही, हेही खरं.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 चा इंग्लंड दौरा पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीत. संघ बहुतेक मॅच हरला, पण लेस्टरशायर आणि सॉमरसेट या काउंट्यांना त्याने हरवलं. बाळूंच्या एकट्याच्या नावावर शंभराहून जास्त विकेट्स! तिकीट काढून आलेल्या गोऱ्या प्रेक्षकांनी पाहिला तो फक्त गोलंदाज.

एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे धाकटे भाऊही उत्तम खेळाडू. 1920 मध्ये बाळूंना वगळलं आणि विठ्ठलला डावलून कप्तानपद दुसऱ्याला दिलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातूनच बाहेर पडले. गाजावाजा झाला. मग बाळूंना परत घेऊन उपकप्तान केलं. कप्तानपद घरात आलं ते 1923 मध्ये, विठ्ठलच्या रूपाने, आणि त्या वर्षी हिंदू जिंकले.

पुढे बाळू राजकारणात आले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत उभं केलं ते थेट बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध. तरुणपणी बाबासाहेबांना ज्यांच्या खेळाचा अभिमान होता, तेच समोर! बाळू थोड्या मतांनी हरले. मला ही लढत वाचताना अजूनही कसंतरी होतं. कोणाच्या बाजूने व्हावं कळत नाही.

4 जुलै 1955 ला मुंबईत त्यांचं निधन झालं.