देहाचा भूगोल रेखाटणारा बिल ब्रँट

गोल, गुळगुळीत गोट्यांनी भरलेला समुद्रकिनारा, त्यावर टेकलेला एक अवाढव्य कान आणि मागे दूरवर पसरत गेलेली किनाऱ्याची रेषा. पूर्व ससेक्सच्या किनाऱ्यावर १९५७ मध्ये टिपलेले हे छायाचित्र प्रथम पाहणाऱ्याला तो कान क्षणभर लाटांनी कोरलेला खडकच वाटतो. मग हळूहळू त्याच्या वळणांतून माणसाचा देह प्रकट होतो, आणि एकदा तो दिसला की खडक व देह यांना वेगळे करणे अवघड होऊन बसते. मानवी शरीराकडे डोंगर, कडे आणि किनारे म्हणून पाहण्याची ही दृष्टी विसाव्या शतकातील छायाचित्रणाला ज्यांनी दिली, त्यांत बिल ब्रँट यांचे नाव अग्रभागी आहे. मात्र या दृष्टीपर्यंत पोहोचायला त्यांना आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे लागली, आणि तो मार्ग आजारपण, निर्वासन, दारिद्र्याचे दर्शन व महायुद्ध यांच्यामधून गेला.

ब्रँट यांचा जन्म १९०४ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात एका सधन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव हर्मन विल्हेल्म. पहिल्या महायुद्धाच्या झळा बालपणातच सोसल्यानंतर ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. उंचावरची थंड, कोरडी हवा आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार. स्वित्झर्लंडमधील दाव्होसच्या आरोग्यधामात त्यांनी काही वर्षे अंथरुणावर काढली. जगाकडे खिडकीतून, पडल्या पडल्या पाहण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असे त्यांची पुढची छायाचित्रे पाहून वाटते. खोली, खिडकी, बिछाना आणि स्तब्धता या गोष्टी त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येत राहिल्या.

उपचारासाठीच १९२७ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. तिथे शिक्षणक्षेत्रात नावाजलेल्या युजेनी श्वार्त्सवाल्ड यांनी या अशक्त, अबोल तरुणाला आपल्या वर्तुळात सामावून घेतले आणि एका छायाचित्रण स्टुडिओत शिकण्याची सोय करून दिली. श्वार्त्सवाल्ड यांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत कवी एझरा पाउंड होते. ब्रँट यांनी त्यांचे व्यक्तिचित्र टिपले आणि या ओळखीतूनच पुढे पॅरिसमध्ये मॅन रे यांच्या स्टुडिओचे दार उघडले, असे सांगितले जाते. १९३० मध्ये तिथे त्यांनी घालवलेला काळ जेमतेम काही महिन्यांचा होता. मॅन रे यांनी समोर बसवून धडे दिले नाहीत, तरी पॅरिसमधील अतिवास्तववादी चित्रे, नियतकालिके आणि चित्रपट यांनी त्यांना एक गोष्ट शिकवली : ओळखीच्या वस्तूला अनोळखी करून दाखवणे ही कॅमेऱ्याची खरी ताकद आहे. हे बीज रुजायला पंधरा वर्षे जावी लागली.

१९३४ च्या सुमारास ब्रँट लंडनमध्ये स्थायिक झाले. जर्मनीत नाझी सत्तेवर आले होते. ब्रँट यांनी आपल्या जन्मभूमीशी असलेला संबंध इतका कसोशीने पुसून टाकला की पुढे आयुष्यभर ते स्वतःला लंडनमध्ये जन्मलेला इंग्रज म्हणवत राहिले. जवळच्या अनेकांनाही सत्य ठाऊक नव्हते. दुसऱ्यांचे चेहरे टिपणाऱ्या या माणसाने स्वतःचा चेहरा मात्र झाकून ठेवला.

परक्याची नजर हाच या काळात त्यांचा सर्वांत मोठा ठेवा ठरला. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला ज्या गोष्टी नजरेतही भरत नाहीत, त्या त्यांना ठळक दिसल्या. लंडनमधील श्रीमंत नातेवाइकांच्या घरांत त्यांना प्रवेश होता. त्या घरांतील जेवणाची मेजे, पांढऱ्या टोप्या घालून ताटकळत उभ्या असलेल्या मोलकरणी आणि दुसरीकडे पूर्व लंडनमधील कोंदट चाळी हे सारे त्यांनी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी मांडले. ‘द इंग्लिश ॲट होम’ हे ते पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी ‘अ नाइट इन लंडन’ आले. १९३७ मध्ये ते उत्तर इंग्लंडच्या खाणपट्ट्यात गेले. मंदीने तिथले कारखाने आणि गोद्या बंद पाडल्या होत्या. राखेच्या ढिगाऱ्यांतून वेचलेल्या कोळशाचे पोते सायकलवर लादून ती ढकलत घरी निघालेला जॅरोचा बेकार कामगार, कोळशाच्या काजळीने माखलेल्या चेहऱ्यानेच जेवायला बसलेला खाणकामगार, ही चित्रे आज त्या दशकाची साक्ष म्हणून पाहिली जातात. काजळीने माखलेल्या त्या चेहऱ्यांवर भूभागाची खूण उमटली होती. जमीन माणसाच्या कातडीवर येऊन बसली होती.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांच्यापुढे आणखी एक दृश्य उभे केले. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडू लागले आणि हजारो लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर आश्रयाला जाऊ लागले. त्या नोव्हेंबरमध्ये माहिती मंत्रालयाने ब्रँट यांना या आश्रयस्थानांची छायाचित्रे टिपण्याचे काम दिले. अर्धवट बांधलेल्या बोगद्यात दोन्ही अंगांना एकमेकांना खेटून झोपलेली माणसे दृष्टी पोहोचेल तिथवर दिसत. पांघरुणांखाली देहांच्या उंचवट्यांची एक सलग रांगच तयार झाली होती. चर्चच्या तळघरात दगडी शवपेटीतही कोणी झोपले होते. शिल्पकार हेन्री मूर हेही त्याच सुमारास त्याच आश्रयस्थानांत झोपलेल्या माणसांची रेखाटने करत होते. १९४२ मध्ये ‘लिलिपुट’ मासिकाने या दोघांचे काम एकत्र छापले. मूर यांच्या पहुडलेल्या शिल्पाकृतींत डोंगर आणि देह एकरूप झालेले दिसतात. ब्रँट यांच्या कॅमेऱ्याने हीच वाट पुढे वेगळ्या साधनांनी चालली.

युद्ध संपत आले तेव्हा ब्रँट यांचे मन वृत्तचित्रणावरून उडाले होते. दारिद्र्य आणि विषमता हे विषय आता सगळेच टिपू लागले होते. त्यांना काव्य खुणावत होते. इंग्रजी साहित्याशी जोडलेल्या स्थळांचा ध्यास घेऊन ते माळराने, दलदली आणि उजाड टेकड्या पालथ्या घालू लागले. ब्राँटे भगिनींच्या यॉर्कशायरमधील माळावरचे टॉप विदन्स हे ओसाड घर, स्काय बेटावरील समुद्रपक्ष्याचे घरटे, बर्फात उभे असलेले स्टोनहेंजचे दगड ही त्या काळातील त्यांची प्रसिद्ध चित्रे. योग्य प्रकाश आणि योग्य हवामान मिळेपर्यंत ते एकाच जागी पुन्हा पुन्हा जात. या चित्रांचे ‘लिटररी ब्रिटन’ हे पुस्तक १९५१ मध्ये निघाले. निसर्गदृश्यात माणूस नसतानाही माणसाचे अस्तित्व जाणवू शकते, हे त्यांना या भटकंतीत उमगले. आता उलटा प्रश्न उरला होता : माणसाच्या देहात निसर्गदृश्य दिसू शकेल काय?

त्याचे उत्तर त्यांना एका जुन्या कॅमेऱ्याने दिले. महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या एका दुकानात त्यांना महोगनी लाकूड व पितळेचा, वापरलेला कोडॅक कॅमेरा मिळाला. गुन्ह्याच्या जागेची नोंद ठेवण्यासाठी पोलीस अशा कॅमेऱ्याचा उपयोग करीत. त्याचे भिंग अतिशय विस्तृत कोनाचे होते आणि छिद्र टाचणीच्या टोकाएवढे. त्यामुळे खोलीचा एक कोपरा ते दुसरा कोपरा सारेच एकाच चित्रात आणि सारेच स्पष्ट येई. पण जवळची वस्तू राक्षसी मोठी आणि दूरची अगदी लहान दिसे. मागच्या काचेवरची प्रतिमा इतकी अंधुक असे की चित्रात नेमके काय येणार, हे छायाचित्रकारालाही आधी नीट कळत नसे. दुसऱ्या कोणी ही उणीव मानली असती. ब्रँट यांनी मात्र भिंगालाच पाहू दिले. माणसाच्या सवयीच्या नजरेतून सुटून, उंदीर किंवा माशी जसे जग पाहत असेल तसे पाहण्याची ती संधी होती. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ चित्रपटातील छतासह दिसणाऱ्या खोल, ताणलेल्या खोल्यांचा प्रभावही त्यांनी मान्य केला होता.

१९४५ पासून त्यांनी लंडनच्या जुन्या, उंच छतांच्या घरांत नग्न देहाची चित्रे टिपायला सुरुवात केली. आरंभीच्या चित्रांत खोली आहे, खिडकी आहे, आणि त्या रिकाम्या अवकाशात स्वप्नातल्यासारखी बसलेली एखादी स्त्री आहे. हळूहळू कॅमेरा जवळ सरकत गेला. गुडघा, कोपर, दुमडलेले हात चौकट भरून टाकू लागले. पन्नाशीच्या दशकात ते कॅमेरा घेऊन पूर्व ससेक्स, नॉर्मंडी आणि दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यांवर गेले. तिथे त्यांनी अधिक आधुनिक विस्तृत कोनी कॅमेरा हाताळला. आता देह खोलीत नव्हता, दगडांच्या शेजारी होता. बोटांची गुंफण गोट्यांच्या राशीत मिसळली, पावले कड्यांसारखी उभी राहिली, गुडघ्यांच्या कमानीतून क्षितिज दिसू लागले. ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ या नावाने ही चित्रे १९६१ मध्ये ग्रंथरूपात आली. तिला कादंबरीकार लॉरेन्स ड्युरेल यांची प्रस्तावना होती.

ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी १९३६ मध्ये ओशनोच्या वाळूच्या टेकड्यांवर देह आणि वाळू यांच्या वळणांतील साम्य टिपले होते. भारतीय मनाला तर ती मुळीच परकी वाटू नये. सतीच्या देहाचे अवयव जिथे जिथे पडले तिथे शक्तिपीठे झाली, ही कथा देशाच्या नकाशालाच देह मानते. मराठी भाषाही डोंगराला माथा, पायथा, कूस आणि सोंड देते; नदीला मुख देते. बुऱ्हाणपुरात तापीच्या काठावरून उत्तरेकडे नजर टाकली की एकामागे एक पसरलेल्या सातपुड्याच्या रांगा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कुशीवर झोपलेल्या माणसासारख्या भासतात. भाषेने आणि डोळ्यांनी भूमीला देहाचे रूप दिले. ब्रँट यांनी त्याच प्रवासाची दिशा उलटी केली आणि देहाला भूमीचे रूप दिले.

ब्रँट यांचे अर्धे काम कॅमेऱ्यात होई आणि उरलेले अर्धे अंधारखोलीत. या काळात त्यांनी करड्या छटांचा मोह सोडला. प्रिंट इतके गडद आणि इतके पांढरेशुभ्र निघू लागले की त्वचेचे बारकावे पुसले जाऊन केवळ आकार उरे. ते प्रिंटवर शाईने व पेन्सिलीने हात फिरवीत, नको ते पात्याने खरवडून काढीत. छायाचित्र हे वास्तवाचे निर्लेप प्रतिबिंब असावे, हा आग्रह त्यांनी कधीच मानला नाही. अंतिम प्रतिमा परिणामकारक आहे की नाही, एवढाच त्यांचा निकष होता. त्यांच्या जुन्या वृत्तचित्रांतील काही प्रसंगांसाठीही त्यांनी आप्तांना उभे केले होते, हे पुढे उघड झाले.

या चित्रांवर आक्षेप घेता येतात, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. त्यांत देह जवळजवळ नेहमीच स्त्रीचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिला चेहरा नाही, नाव नाही. जिवंत व्यक्तीला खडकाची कळा देताना तिचे माणूसपण हरवते काय, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही टाळता येत नाही. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. नग्न देह म्हटला की पाहणाऱ्याच्या मनात अभिलाषा किंवा लज्जा यांपैकी एक जागी होते. ब्रँट यांच्या किनाऱ्यावरील चित्रांत दोन्ही विझतात आणि उरते ते विस्मय. महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे छापून आणि अश्लीलतेचे खटले सोसून हाच आग्रह धरला होता, की देहाकडे निकोप नजरेने पाहता आले पाहिजे. कर्वे सुधारक होते, ब्रँट कलावंत. परंतु देहाभोवतीची भीती घालवण्याच्या कामी दोघांचे प्रयत्न एकाच काळात चालले होते.

मान्यता उशिरा आली. १९६६ मध्ये ‘शॅडो ऑफ लाइट’ हा त्यांच्या समग्र कामाचा संग्रह निघाला. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि पुढच्या वर्षी ते लंडनच्या हेवर्ड गॅलरीत आले. १९७५ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी त्यांनी विसाव्या शतकातील भूदृश्य छायाचित्रांचे ‘द लँड’ हे प्रदर्शन स्वतः निवडून मांडले. मधुमेहाने पोखरलेल्या उतारवयात ते किनाऱ्यावर वाहून आलेले लाकूड, पिसे, दोरखंड आणि शेवाळ गोळा करून त्यांच्या रचना करीत. शेवटच्या वर्षांत ते पुन्हा नग्न देहाकडे वळले. मात्र ती चित्रे अधिक कठोर आणि अस्वस्थ करणारी आहेत. २० डिसेंबर १९८३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज हातातल्या मोबाइलमध्ये विस्तृत कोनाचे भिंग आले आहे आणि जवळचा हात राक्षसी मोठा दिसण्याची गंमत लहान मूलही करते. ब्रँट यांची थोरवी त्या युक्तीत नव्हती. खाणकामगाराच्या काळवंडलेल्या चेहऱ्यापासून बोगद्यात झोपलेल्या गर्दीपर्यंत आणि ओसाड माळापासून किनाऱ्यावरच्या त्या कानापर्यंत, माणूस आणि माती यांच्यातील नाते ते सतत शोधत राहिले. जन्मभूमी आयुष्यभर लपवून ठेवणाऱ्या या कलावंताला भूमी अखेर माणसाच्या देहातच सापडली.