छागलांचा इशारा

महंमद करीम छागला यांचा जन्म १९०० साली मुंबईत झाला. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण, मुंबईत बॅरिस्टरी आणि १९४७ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद, असा त्यांचा चढता प्रवास होता.

१९५७ साली टाटांची पोलाद कंपनी न्यायालयात आली. राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा तिला आपल्या घटनापत्रात घालून हवी होती. कायद्यात मनाई नव्हती. छागलांना संमती द्यावी लागली. मात्र थैलीच्या या बळाने लोकशाही गुदमरेल, संसदेने वेळीच लक्ष घालावे, असे त्यांनी निकालातच बजावले. नफ्यासाठी स्थापन झालेली कंपनी देणगीचाही मोबदला पाहणारच.

१९५८ साली, आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतविलेल्या पैशाची त्यांनी उघड चौकशी केली. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

संसदेने १९६० साली कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा घातली, १९६९ साली बंदी आणली. छागला १९८१ साली निवर्तले. १९८५ साली बंदी उठली. २०१७ साली मर्यादाही गेली आणि पुढच्या वर्षी दात्याचे नाव झाकणारे निवडणूक रोखे आले. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही बदल घटनाबाह्य ठरविले.

मतपेटीपुढे सारे समान. गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या जंगलात तेंदूपाने तोडणाऱ्या मजुराला एक मत, उद्योगपतीलाही एकच. थैली मात्र एकाचीच. तिने ही समानता मोडू नये, हीच छागलांची चिंता होती. ती अद्याप मिटलेली नाही.