मोख्याच्या बाजारातला चापू

(एस. वाय. बी. ए., इतिहास)

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली तेव्हा आमच्यापैकी निम्म्या मुलींनी डोळे मिटून घेतले होते. आम्ही भीमा आणि घोड या नद्यांकाठची माणसे. आमच्या नद्या उन्हाळ्यात पायी ओलांडता येतात. समुद्र म्हणजे काय, हे आम्ही भूगोलाच्या पुस्तकातच पाहिलेले. होडी जंजिऱ्याच्या अगदी तटाशी जाईपर्यंत किल्ल्याला दरवाजा आहे हेच कळत नाही. मग एकदम बुरुजांच्या आड तो दिसतो, आणि तिथल्या भिंतीवर दगडात कोरलेले एक सिंहासारखे जनावर दिसते. त्याने पंजात आणि शेपटीत हत्ती धरून ठेवले आहेत. होडीवाल्या काकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, हा किल्ला मलिक अंबरने बांधला.

सहलीबरोबर आलेल्या आमच्या सरांनी तिथेच ते दुरुस्त केले. कोळ्यांच्या लाकडी मेढेकोटाच्या जागी निजामशाहीत हा दगडी किल्ला उभा राहू लागला तो सोळाव्या शतकात, म्हणजे मलिक अंबरच्या हाती सत्ता येण्याच्या आधी. पुढे सिद्द्यांनी तो वाढवला, मजबूत केला. सिद्दी घराण्याच्या आरंभी सिद्दी अंबर नावाचाच एक सरदार येतो, आणि दोन अंबर लोकांच्या बोलण्यात एक होऊन जातात. सर पुढे निघून गेले. मी मात्र त्या तटाशी उभी राहून विचार करीत राहिले, की ज्याने हा किल्ला बांधला नाही त्याच्या नावावर लोक तो आपण होऊन लिहून टाकतात, तो माणूस होता तरी कसा? परत आल्यावर ग्रंथालयात बसून जे वाचले, आणि नंतर जे डोळ्यांनी पाहिले, ते इथे मांडते आहे.

मलिक अंबर हे त्याचे जन्मनाव नव्हे. आजच्या इथिओपिया देशात सुमारे 1548 साली एका गरीब घरात तो जन्मला, आणि घरी त्याला चापू म्हणत. आईबापांनीच त्याला विकले असे म्हणतात. दुष्काळ असेल, कर्ज असेल. कोणी नोंद ठेवलेली नाही. गरिबांच्या घरच्या कारणांची नोंद कोण ठेवतो? तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली. त्याला आलेली किंमत मात्र नोंदली गेली आहे : ऐंशी गिल्डर्स. पीटर व्हान डेन ब्रूके नावाच्या डच व्यापाऱ्याने पुढे ती लिहून ठेवली. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसले. माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा आहे.

मोख्याहून चापू बगदादला गेला. तिथल्या ज्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले, त्याने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब करायला शिकवले, मुसलमान धर्मात घेतले आणि अंबर हे नाव दिले. पुढे अंबर समुद्रमार्गे दख्खनेत आला. त्या काळी चौल, दाभोळ, दंडा-राजपुरी ही बंदरे गजबजलेली असत. इराणी व अरबी घोडे, मिरे, कापड आणि माणसे यांची तिथे ये-जा चाले. आज चौलला नारळी-पोफळीच्या बागांतून हिंडताना हे खरे वाटत नाही. एखादा पडका हमाम, एखादी मशीद आणि पलीकडे रेवदंड्याला पोर्तुगिजांचा तट, एवढेच त्या वैभवाचे उरले आहे.

अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने अंबरला विकत घेतले. विशेष असे की, हा चंगेजखान स्वतःच एके काळचा हबशी गुलाम होता. दख्खनेतली ही गुलामी आपण अमेरिकेच्या इतिहासात वाचतो तशी मळ्यावरची नव्हती. हे गुलाम हत्यार चालवीत, धन्याचे विश्वासू म्हणून वाढत आणि धनी मेला की बहुधा मोकळे होत. म्हणून ती चांगली होती असे मात्र मी म्हणणार नाही. जे पोर आईपासून तोडून आणले त्याला पुढे घोडा मिळाला म्हणून तोडणे बरोबर ठरत नाही.

1574 च्या सुमारास चंगेजखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्यानंतरची वीस वर्षे त्याच्या आयुष्यातली सर्वांत अंधारी आहेत. त्याने लग्न केले, थोडे स्वार जमवले, विजापूरकरांची चाकरी केली. मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली. 1595 च्या सुमारास तो निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्यापाशी दीडशे स्वार होते. वय सत्तेचाळीसच्या आसपास. या वयात आमच्याकडे माणसे मुलांच्या हाती शेत देऊन पारावर बसू लागतात.

नेमके तेव्हाच मोगलांचे सैन्य अहमदनगरच्या वेशीशी येऊन ठेपले होते. चांदबिबीने किल्ला लढवला ती कथा शाळेपासून सर्वांना ठाऊक आहे. 1600 मध्ये चांदबिबी मारली गेली आणि किल्ला पडला. राज्य बुडाले असे दिल्लीला वाटले. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. 1607 मध्ये त्याने राजधानी जुन्नरला आणली. जुन्नर म्हणजे आमच्या शिरूरच्या शेजारचा तालुका! शिवनेरी पाहायला जाणाऱ्या आमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते? 1610 मध्ये दौलताबाद राजधानी झाले आणि जवळच खडकी नावाच्या खेड्यात त्याने नवे शहर वसवायला घेतले.

याच वर्षाची एक गोष्ट लपवून ठेवावी असा मोह मला झाला, पण ते योग्य नाही. मुर्तझाच्या दुसऱ्या एका राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, आणि त्यानंतर अंबरने ती राणी व मुर्तझा या दोघांनाही विष घालून मारविले, अशी हकीकत त्याच डच व्यापाऱ्याने लिहिली आहे. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना अशी पाने गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते तो टोमणा कुठे लागला असेल हे कळण्यासाठी मोख्याचा बाजार आठवावा, पण त्याने विष काही औषध होत नाही.

मोगलांशी त्याचे युद्ध पंचवीस वर्षे चालले. समोरासमोर मोठी लढाई द्यायची नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, डोंगरात नाहीसे व्हायचे, ही त्याची रीत. त्यासाठी त्याने मराठा स्वारांना जवळ केले. भोसल्यांच्या घराण्यातले मालोजी आणि पुढे शहाजी याच निजामशाहीच्या चाकरीत होते. भोसल्यांच्या पूर्वजांची पाटीलकी हिंगणी बेर्डी, देऊळगाव या आमच्या दौंडकडच्या भीमाकाठच्या गावांत होती, असे इतिहासकार सांगतात. तेव्हा हे सारे दूरच्या कोणाचे नाही, आमच्या शिवेतलेच आहे.

पराभवही त्याने पुष्कळ खाल्ले. 1616 मध्ये मोगलांनी त्याला रोषणगावला हरवून खडकी जाळली. त्याने ती पुन्हा बांधली. दोनदा शहाजादा खुर्रमपुढे तह करावा लागला. पण बादशहा जहांगीरला तो जन्मभर सापडला नाही. जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराचे एक चित्र आहे. त्यात भाल्यावर अंबरचे मुंडके लटकवले आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात हे चित्र आहे. मी त्याची छापील प्रतच पाहिली. प्रत्यक्षात जे जमले नाही ते बादशहाने कागदावर करवून घेतले!

1624 ची भातवडीची लढाई सर्वांत मोठी. एकीकडे मोगल व विजापूरकर यांची एकत्र फौज, दुसरीकडे एकटा अंबर, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी व चिखल केला, रोज रात्री छापे घालून त्यांची झोप उडवली आणि मग हल्ला चढवला. शहाजीराजे या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. भातवडी नगरजवळ आहे. शिरूरहून नगरला जाणाऱ्या एस. टी. त मी कितीदा बसले आहे, पण तिथे उतरावे असे आजवर कधी वाटले नव्हते.

आमच्या गावाला मात्र लढाईपेक्षा त्याच्या दुसऱ्या कामाचे मोल जास्त आहे. त्याने जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली, मक्त्याने सारा वसूल करण्याची पद्धत मोडली आणि वसुली गावच्या पाटलामार्फत आणली. आधी पिकाचा साधारण दोनपंचमांश भाग धान्यात, आणि पुढे त्याऐवजी सुमारे एकतृतीयांश रोख, असा दर होता असे ग्रँट डफने नमूद केले आहे. माझे वडील गुऱ्हाळावर काम करतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी लढाया ऐकून घेतल्या, पण साऱ्याचा दर मात्र दोनदा विचारला. पाऊस पडला नाही तर काय करीत, असेही विचारले.

मे 1626 मध्ये मलिक अंबर वारला. सात वर्षांत त्याचा मुलगा फत्तेखान याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले आणि 1636 मध्ये निजामशाही संपली. खडकीचे आधी फत्तेनगर झाले, 1653 नंतर औरंगाबाद, आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. माझी मावशी तिथे राहते. काका वाळूजच्या एमआयडीसीत आहेत. मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले ती खास अंबरचे अवशेष पाहण्यासाठी. घरच्यांना तसे सांगितले नव्हते.

भडकल दरवाजा पाहिला. मोगलांवरच्या विजयानंतर 1612 च्या सुमारास त्याने तो उभारला. त्याच्या आजूबाजूला रिक्षांचा इतका गलबला, की मान वर करून कमान पाहणारी मी एकटीच होते. नंतर नहर-ए-अंबरी शोधायला निघालो. उत्तरेकडच्या डोंगरातले भूगर्भातले पाणी दगडी भुयारांतून आणि खापरी नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणायचे, जागोजाग हवेसाठी उभे बंबे ठेवायचे, अशी ही योजना. ना पंप, ना वीज. आज तिचा बराचसा भाग इमारतींखाली गडप झाला आहे, कुठे नळ फुटले, कुठे बंबे बुजले. मावशीच्या गल्लीत तेव्हा कित्येक दिवस नळाला पाणी नव्हते. टँकरच्या रांगेत मी घागर घेऊन उभी राहिले आणि चारशे वर्षांपूर्वीच्या नहरीचा विचार करीत होते. विनोदच म्हणायचा.

त्याची कबर खुलताबादला आहे. आपल्या हयातीतच त्याने ती बांधून घेतली. घुमटाची देखणी, साधी इमारत. शेजारी बायको करीमाची कबर. खुलताबादला लोक येतात ते दुसऱ्या, जास्त गाजलेल्या कबरीच्या निमित्ताने. त्या रस्त्याला पोलीसही होते. अंबरच्या कबरीपाशी मात्र काका, मी आणि सावलीला बसलेल्या दोन शेळ्या. आत भिंतीवर कोणी कोळशाने, कोणी खिळ्याने आपापली नावे लिहून ठेवली होती. काकांनी हळूच विचारले, की हा आपला की त्यांचा? मला उत्तर सुचले नाही. हबशी मुलगा, बगदादची तालीम, दख्खनी राज्य, मराठा स्वार. कुणाचा म्हणावा?

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले. त्या यादीत समुद्रातला खांदेरी आहे. जंजिरा त्या यादीत बसणारा नव्हता, तो सिद्द्यांचा. पण खारा वारा दोघांच्याही चुन्यात सारखाच शिरतो. जंजिऱ्यात पडक्या वाड्यांच्या भिंती फोडून झाडे वर आली आहेत, आणि मुरूडजवळ खोकरीला सिद्दी सरदारांच्या कबरींवरचे नक्षीकाम झिजत चालले आहे. आमच्या शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीचे गाव उजेडात आणले. त्या जागी आज काय दिसते, हे ज्याने त्याने जाऊन पाहावे.

लोकांची नावे ठेवून झाली, आता घरचे सांगते. आमच्या न्हाणीशेजारी एक मोठा घडीव दगड आहे. त्याच्यावर आम्ही धुणे धुतो, भांडी घासतो. मी लहान असताना तो डोंगरातलाच समजत होते. संभाजीनगरहून आल्यावर एके दिवशी त्याच्या कडेचा चिखल खरवडला तर खाली कमळाची अर्धी पाकळी निघाली. आजोबांना विचारले. त्यांनी सरळ सांगितले, की नदीकाठच्या पडक्या गढीचा तो दगड. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आणि त्यांच्या भावाने बैलगाडीतून आणला. गावातल्या निम्म्या घरांच्या पायांत त्याच गढीचे दगड आहेत. चोरी केली असे त्यांना वाटले नाही. गढीवाल्यांनी आपल्याला कधी ओट्यावर बसू दिले नव्हते, एवढेच ते म्हणाले.

मी वहीत त्या दगडाची मापे घेतली, चित्र काढले. सर म्हणाले, पुरातत्त्व खात्याला कळवू या. आजोबांना भीती आहे की दगड नेतील आणि दंडही करतील. आजी म्हणते, नेला तर नेऊ द्या, पण आधी धुण्याला दुसरा आणून द्या. अर्ज लिहून तयार आहे. अजून टाकलेला नाही.