करून पाहणारी शाळा : जॉन ड्यूई

अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतातील बर्लिंग्टन या गावी, एका किराणा दुकानदाराच्या घरी, २० ऑक्टोबर १८५९ रोजी जॉन ड्यूई यांचा जन्म झाला. पदवीनंतर काही काळ त्यांनी हायस्कुलात शिकविले, पुढे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविली आणि १८९४ साली ते शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाले. इथवर हे चरित्र इतर विद्वानांसारखेच आहे. आम्हां शिक्षकांना त्यांचे खरे अगत्य वाटते, ते जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी उघडलेल्या चिमुकल्या शाळेमुळे. आरंभी तीत अवघी १६ मुले होती.

शाळेकरिता बाके घ्यावयास ड्यूई दुकानोदुकानी हिंडले, मनाजोगती मिळेनात. अखेर एका चतुर दुकानदाराने वर्म सांगितले, की आपणांस मुलांनी काम करण्याजोगी बाके हवीत, आणि आमची सारी केवळ ऐकत बसण्यासाठी केलेली आहेत!

या शाळेत मुले स्वयंपाक करीत, सुतारकाम करीत, सूत काढीत. एकदा प्रश्न निघाला, की पूर्वजांनी सुती वस्त्रांऐवजी लोकरीची का वापरली? उत्तर पुस्तकातून वाचून दाखविता आले असते. तसे न करता मुलांपुढे कापसाची बोंडे आणि लोकर ठेवली. एका गटाने अर्धा तास खपून सरकीपासून रुई सोडविली. ती एक औंसही भरली नाही. शिवाय कापसाचा तंतू आखूड व गुळगुळीत, लोकरीचा लांब व खरखरीत, हेही बोटांना कळले. सरकी काढण्याच्या यंत्राचे महत्त्व मग वेगळे सांगावे लागले नाही. भूगोल आणि इतिहास त्या रुईच्याच मागोमाग वर्गात आले.

पत्नी ॲलिस या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. विद्यापीठाशी मतभेद होऊन १९०४ साली ड्यूई शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील त्यांचे अनुयायी किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्पपद्धती मांडली आणि ती जगभर पसरली. (बाजारातील चित्रे वहीत डकविणे म्हणजे प्रकल्प, असे मात्र या दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही!) मुलांना नुसते मोकाट सोडणाऱ्या नवशिक्षणवाद्यांनाही ड्यूईंनी १९३८ साली ग्रंथ लिहून खडसावले. मुलाच्या अनुभवाला वळण लावणे हे शिक्षकाचेच काम, हा त्यांचा आग्रह आम्हांस फार मोलाचा वाटतो.

कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात शिकणारे भीमराव आंबेडकर त्यांची व्याख्याने ऐकत. हे ऋण बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेवरील आपल्या प्रसिद्ध भाषणात उघडपणे मान्य केले आहे. जून १९५२ मध्ये कोलंबियाची सन्मान्य पदवी स्वीकारण्यासाठी ते निघाले, तेव्हा गुरुभेटीचीही आस होती. परंतु १ जून रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ड्यूई निवर्तले. ती वार्ता शिष्याला वाटेतच कळली.