विश्लेषण : एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने… मायकेल फॅरेडे यांनी मुलांना रसायनशास्त्राची गोडी कशी लावली?

विजेची मोटर आणि जनित्र यांचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणून मायकेल फॅरेडे यांचे नाव शाळेच्या पुस्तकात येते. पण लंडनच्या मुलांना ते दर नाताळात मंचावर उभे राहून प्रयोग करणारे गृहस्थ म्हणून ठाऊक होते. हा मंच त्यांना इतका महत्त्वाचा का वाटत होता?

फॅरेडे स्वतः विज्ञानाकडे कसे वळले?

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लोहाराच्या घरात झाला. शिक्षण लिहिणे, वाचणे आणि हिशेब यापलीकडे गेले नाही. १४व्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले. बांधणीला येणारी पुस्तके ते वाचत. त्यातलेच जेन मार्सेट यांचे संवादरूपी पुस्तक वाचून त्यांना रसायनशास्त्राची ओढ लागली.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडे यांनी टिपणे काढली, ती स्वतःच बांधली आणि डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये ते तिथेच प्रयोगशाळा सहायक झाले. लोहाराच्या मुलाला विज्ञानाचे दार उघडून दिले ते लोकांसाठीच्या व्याख्यानांनी.

रंगमंचाची तयारी कशी होती?

सभागृहातील हवा कशी असावी, उपकरणे कुठे मांडावीत, व्याख्यान किती वेळ चालावे, यावर फॅरेडे यांनी विशीतच मित्राला सविस्तर पत्रे लिहिली होती. पुढे वक्तृत्वाचे धडेही घेतले. बोलण्याचा वेग वाढला की सावध करण्यासाठी ‘हळू’ असे लिहिलेले कार्ड सहायक त्यांच्यासमोर ठेवत असे.

मुलांसाठीची नाताळ व्याख्याने १८२५ मध्ये सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडे यांनी अशा १९ मालिका दिल्या. याच वर्षांत त्यांचे मूळ संशोधनही चालू होते. १८२५ मध्ये त्यांनी बेंझिन शोधले होते, तर १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन.

मेणबत्तीत मुलांना काय दिसले?

सर्वात गाजलेली मालिका मेणबत्तीवरची. ती १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०च्या नाताळात झाली. मेणबत्ती विझवताच वातीतून निघणाऱ्या वाफेच्या रेषेला दुरून ज्योत लावली की आग हवेतून वातीपर्यंत धावत येते. ज्योतीच्या मधोमध काचेची नळी धरली की ती वाफ नळीतून बाहेर येते आणि दुसऱ्या टोकाला पेटवता येते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ.

मग त्यांनी बर्फ आणि मीठ भरलेले भांडे ज्योतीवर धरले. भांड्याच्या तळाशी थेंब जमला. तो पाण्याचाच, हे पटवण्यासाठी त्यावर पोटॅशियमचा कण टाकला आणि तो जांभळ्या ज्वाळेने पेटला. आग पाणी तयार करते, हे ऐकून न पटणारे सत्य मुलांनी डोळ्यांनी पाहिले. मेणातील हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांचा संयोग ही त्याची उकल नंतर आली.

चुन्याची निवळी मेणबत्तीच्या वायूने दुधाळ होते, तशीच आपल्या उच्छ्वासानेही होते, हे दाखवून त्यांनी मालिका श्वसनापर्यंत आणली. जादूगार युक्ती लपवतो; फॅरेडे मात्र प्रत्येक चमत्कारामागचे कारण लगेच उघड करत.

अखेरची मालिका वेगळी का?

तेव्हा फॅरेडे ६९ वर्षांचे होते आणि स्मृती अनेक वर्षांपासून साथ सोडत होती. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद आणि ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला, पण मुलांचा मंच शक्य तितका काळ सोडला नाही. ही व्याख्याने विल्यम क्रुक्स यांनी संपादित केली आणि १८६१ मध्ये ती पुस्तकरूपात आली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरेडे यांचे निधन झाले.

रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळ व्याख्याने आजही होतात. दुसऱ्या महायुद्धात काही वर्षे त्यांत खंड पडला होता. आता ती टीव्हीवरूनही दाखवली जातात, त्यामुळे तिकिटासाठी कुणा गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागत नाही.