डॉक्टर आंद्रू बेल व वाळूची पाटी

स्कॉटलंडात १७५३ साली जन्मलेले आंद्रू बेल हे धर्मोपदेशक १७८७ साली हिंदुस्थानात आले. १७८९ साली मद्रासेजवळ एगमोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख त्यांजकडे आली. पगारी शिक्षक असूनही मुलांची प्रगती होईना. एके दिवशी त्यांनी एका देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असलेली पाहिली. (आपल्याकडील धूळपाटी वाचकांस वाडवडिलांकडून ठाऊक असेल.) ती रीत त्यांनी आपल्या शाळेत घालू म्हटले, तो खालच्या वर्गाचा शिक्षक म्हणे, हे होणे नाही. तेव्हा बेलसाहेबांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या शिपायाच्या मुलास त्या वर्गावर बसविले. आणि शिक्षकास जे साधले नाही ते त्या पोरास साधले! पुढे वरची मुले खालच्यांस शिकवू लागली. अपराध वहीत टिपून ठेवीत व त्यांचा निवाडा मुलांचे पंचच करीत. छडीपेक्षा हे आम्हांस पुष्कळ बरे वाटते. मात्र लहान मुलाच्या हातून पाठांतरापलीकडे शिकविणे थोडेच होणार. ही हकीकत त्यांनी १७९७ साली लंडनात छापिली, व १८११ साली निघालेल्या नॅशनल सोसायटीने तीच रीत इंग्लंडातील आपल्या शाळांत चालविली. १८३२ साली ते वारले. त्यांस वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले आहे.